ज्या नावाला मी ओ दिली नाही

मी, शांता लक्ष्मीकांत पागनीस, वय वर्षे छप्पन्न, मुलींच्या शाळेतील निवृत्त शिक्षिका, राहणार रामबाग, इंदूर, मध्यभारत, माझ्यामागची व्यवस्था या कागदाने लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांना तसे वाटत नाही. अशा कागदात ‘कोणाच्याही दडपणावाचून’ असे लिहायची रीत असते. ते मी लिहीत नाही, कारण ते खोटे होईल. दडपण आहे. उद्या रविवारी सकाळी दहा वाजता माझे दीर कृष्णराव चार वडीलधारी मंडळी घेऊन एका तयार कागदावर माझी सही घ्यायला येणार आहेत. म्हणून हे आज लिहिते आहे.

कलम १. त्यांच्या कागदातील मजकूर असा : ‘मी, गं. भा. इंदुमती, रामबागेतील घर माझ्या यजमानांच्या पैशातून घेतलेले असून ते राजीखुशीने दिरांच्या स्वाधीन करते.’ यजमान १९२६ साली गेले. घर मी १९३८ साली माझ्या पगारातून घेतले. खरेदीखत शांता या नावाचे आहे, तेच नाव शाळेच्या दप्तरात आहे. राजीखुशीबद्दल वर लिहिलेच आहे.

गेल्या रविवारी भावजी म्हणाले, “वहिनी, फालतू जिद कशाला करता? कागज तयार आहे, तुम्हाला बस दस्तखत करायचे. नाही तर मी कोर्टात सांगीन, शांता नावाची कोणी बाई आमच्या खानदानात नाहीच.” सोबतच्या मंडळींनी माना डोलावल्या. मी हात पदराखाली घेतले. सही केली नाही. उद्या त्यांच्यासमोर माझा धीर सुटणारच नाही असे मी छातीठोक सांगू शकत नाही. सबब, आजनंतरच्या तारखेचा, ‘इंदुमती’ अशी सही असलेला कोणताही कागद निघाल्यास तो माझ्या मर्जीचा समजू नये.

कलम २. या नावाचा खुलासा करणे भाग आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून यजमानांनी अंगठीने त्यात ‘इंदुमती’ लिहिले. मला तेव्हा तेरावे होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई, कै. गंगूबाई, यांनी त्या नावाने हाक मारली. मी ओ दिली नाही. “नावाला ओ दे, मग ताट मिळेल,” त्या म्हणाल्या. दोन दिवस ताट मिळाले नाही. आत्या, चुलत्या, शेजारणी येऊन समजावून गेल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी मुकाट्याने वाढले आणि हाक मारणेच सोडले. पुढे पंधरा वर्षे मी त्या घरात ‘ए पोरी’ होते. यजमानांची काही अडचण झाली नाही. त्यांचा सगळा संसार ‘अगं’वरच चालला.

लोक मला बंडखोर म्हणतात, ते चूक आहे. मी पालीलाही भिणारी मुलगी होते. खरे कारण आजवर कोणाला सांगितले नाही, ते येथे नमूद करते. माझी थोरली बहीण आनंदी देवासला दिली होती. लग्नात तिचे नाव लक्ष्मी ठेवले. आम्ही घरी आनंदीच म्हणत असू, नवे नाव कोणाच्या ध्यानातही राहिले नव्हते. मी अकरा वर्षांची असताना देवासहून कार्ड आले. वडील कचेरीच्या कामाने गौतमपुऱ्याला गेले होते. आईला वाचता येत नसे, म्हणून मी मोठ्याने वाचले : ‘घरातील सौ. लक्ष्मी हिस परवा सायंकाळी देवाज्ञा झाली.’ त्या घरात चार सुना होत्या. आई म्हणाली, “कोण ग बिचारी? आता आपल्या आनंदीवर सगळं काम पडेल.” तिने डोक्यावरून पाणी घेतले आणि आम्हाला जेवायला वाढले. वांग्याची भाजी होती. मी दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी वडील आले, कार्ड वाचले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

म्हणून इंदुमतीला ओ द्यायला माझे तोंड उघडेना. याहून मोठे तत्त्व माझ्याजवळ नाही.

कलम ३. रामबागेतील दोन खोल्यांचे घर, मागील अंगण व नळासह, माझी पुतणी चि. शालिनी कृष्णराव पागनीस हिला देते. पूर्वेकडील शेजाऱ्यांची मोरी आपल्या हद्दीत अडीच हात घुसली आहे, ती तिने मागे हटवून घ्यावी. मला जमले नाही. फाल्गुनात शालिनीचे लग्न आहे आणि सासरच्यांनी तिचे नवे नाव ठरवलेही आहे म्हणे. तिने ते घेतले तरी घर तिचेच. माझ्यासारखे वाग म्हणून तिला अट घातली, तर माझ्यात आणि सासूबाईंत फरक काय राहिला?

कलम ४. शालिनीचा भाऊ चि. बंडू यास माझी छत्री द्यावी. काकूच्या घराची वाट पाहत बराच काळ उभे राहायचे असल्यास उपयोगी पडेल. भावजींना काही देत नाही. मला त्यांचा राग आहे आणि मरणाने तो जाईल असे वाटत नाही.

कलम ५. शिवणयंत्र जाऊबाई सौ. यशोधराबाई, कृष्णरावांची पत्नी, यांस द्यावे. आमचे कधी पटले नाही. एकोणचाळीस वर्षे त्या मला ऐकवत आल्या, “आम्ही नाही का नावं बदलली? आमचं काय बिघडलं?” आज दुपारी भावजींनी त्यांना माझी समजूत घालायला पाठवले. तेव्हापासून त्या समोर बसल्या आहेत. अजून समजूत घातलेली नाही. लिहून झालेला एकेक कागद उचलून वाचताहेत. दुसरे कलम त्यांनी दोनदा वाचले.

कलम ६. माझ्यामागे कार्डे धाडतील त्यांनी ‘शांता’ एवढेच लिहावे. मागे गं. भा. लावू नये.

कलम ७. या कागदाला दोन साक्षी लागतात, नाही तर तो रद्दी. डॉक्टर उदयसिंह आहेत. दुसरे, शेजारचे दत्तोपंत, परवा आनंदाने हो म्हणाले होते. काल भावजी त्यांना भेटले आणि आजपासून दत्तोपंतांना ताप आहे. मी गल्लीतील तीन घरी निरोप पाठवले. कोणी आले नाही. साडेपाच झाले आहेत, डॉक्टरांना दवाखान्यात परतायचे आहे. तरीही सही करते.

ठिकाण : इंदूर, ता. १६ जानेवारी १९५४
(सही) शांता लक्ष्मीकांत पागनीस

साक्षीदार १ : लिहून देणार यांनी माझ्यासमक्ष, पूर्ण शुद्धीवर सही केली.
(सही) डॉ. उदयसिंह पवार

साक्षीदार २ : मी मथुरा. सासरी मला यशोधरा म्हणतात, कृष्णराव पागनीस माझे यजमान. शांताबाईंनी सही केली ती मी समोर बसून पाहिली. उद्या दहाला हे येतील तेव्हा मी येथेच असेन आणि कोणी विचारले तर हेच सांगेन.
(सही) मथुरा