लाल खूण

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमीस आशीर्वाद.

भट्टी आणि मी दोघंही तापलेले आहोत, म्हणजे ठीक आहोत. पावाचं पीठ वेळेवर फुगतं, तुझी वहिनी वेळेआधी. विचारायचं होतं ते नडगीचं. भट्टीचं दार लागून भाजलं होतं, ती जखम आठ वर्षं झाली तरी मिटत नाही, हे तू जाणतेसच. आता तिची कड चामडीच्या वर चढलीय, दाटीदाटीने, फुलकोबीसारखी. दवाखान्यात चला म्हणून वहिनी मागे लागलीय. पण तू दिवसभर प्रयोगशाळेत पेशी वाढवतेस, तेव्हा तू म्हणशील ते खरं.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसत जावा.

दादा

ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, उगाच बाऊ करू नकोस. नवं मांस येतंय म्हणजे जखम भरतेय. आमच्याकडेही पेशींना वाढघटक घातला की दोन दिवसांत काचेची ताटली भरते. ज्या दिवशी भरत नाही, त्या दिवशी साहेबांचं तोंड वाकडं. वाढ दिसली की मी निम्मी लढाई जिंकते, तूही जिंकलास समज. भट्टीसमोर जरा कमी उभा राहा.

लोभ असाच वाढत राहावा.

चिमी

ता. २ सप्टेंबर

चि. चिमीस,

दवाखान्यातून लिहितो आहे. जखमेचा तुकडा तपासला, कर्करोग निघाला. हाडापर्यंत गेलाय. गुरुवारी पाय गुडघ्याखालून काढणार. इतके महिने काय करत होतात, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मी तुझं पत्र दाखवलं. त्यांनी वाचून घडी घालून परत दिलं. फेब्रुवारीत आलो असतो तर कड कापून भागलं असतं म्हणे. घरात विद्वान असल्यावर माझं कोण ऐकतंय, असं वहिनी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तुला खरंच माहीत नव्हतं का, एवढंच कळव.

दादा

ता. ५ सप्टेंबर

ती. दादास सा. न.

माहीत होतं.

जखम झाली की शरीर वाढघटक सोडतं, पेशींना वाढा म्हणून सांगतं. जखम मिटली की सांगणं थांबतं. तुझी मिटलीच नाही, म्हणून आठ वर्षं ते सांगणं चालू राहिलं. त्यात काही पेशी बिघडल्या आणि कुणी न सांगताही वाढत सुटल्या. आमच्याकडे शहाण्या पेशी ताटली भरली की थांबतात, बिघडलेल्या एकमेकींच्या अंगावर चढतात. तशी ताटली दिसली की मी झाकणावर लाल खूण करते. अकरा वर्षं माझं तेच काम आहे.

कड वर चढलीय, दाटीदाटीने, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं, वाढतंय एवढंच मनात राहिलं, खूश झाले. दहा मिनिटांत उत्तर लिहून ताटल्या बघायला गेले. त्या दुपारी दोन झाकणांवर लाल खूण केली. तारीख वहीत आहे, मी काल काढून पाहिली.

माफी मागायला मला तोंड नाही. गुरुवारी येते. वहिनीने आत येऊ दिलं नाही तर बाहेर बाकावर बसेन.

लोभ वाढावा असं लिहायला हात धजत नाही. होता त्यातला थोडा उरला असला तरी पुरे.

चिमी