खाडीतल्या त्या जागेचं नाव

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मी तुझ्यापेक्षा म्हातारा आहे. गॅस बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा पाहतो, दाराची कडी ओढून बघतो, मग कुठे बसवतं. आज तुला लिहायला बसलो, कारण हे घरात कुणाला सांगता येत नाही.

नात कॉलेजात दगडांचा अभ्यास करते. परवा जेवताना तिनं फार फार जुन्या एका काळाचं नाव सांगितलं, ऑर्डोव्हिशियन. माणूस सोडाच, तेव्हा जमीन जवळपास उघडीबोडकी, सगळा जीव समुद्रात. मी विचारलं, "असलं नाव कुणी ठेवलं?" म्हणाली, "आजोबा, दोन विद्वान भांडत होते. दगड तेच, हा म्हणे माझ्या काळातले, तो म्हणे माझ्या." "म्हणजे आपल्या सारसोळे गावातली बांधावरची भांडणं," मी म्हटलं. ती हसली. "तसंच. मग तिसऱ्यानं मधे वेगळाच काळ काढला आणि ते दगड जिथले, त्या डोंगरात पूर्वी राहणाऱ्या जमातीचं नाव त्याला दिलं. ती माणसं केव्हाच संपली होती." माझा घास हातातच राहिला. सातवीपर्यंत शिकलेला मी, पण एवढं कळलं, माणसं संपली तरी नाव उरतं.

आपल्या खाडीतही जागोजाग नावं होती. म्हातारीचा खड्डा, कावळ्याचा खडक, पुढे आंधळं वळण. जाळं टाकण्याआधी जागेचं नाव मोठ्यानं घ्यायचं, ही आपली रीत. एकदा मी घाईत भलतंच नाव घेतलं, तर तू पाण्यात गेलेलं जाळं परत ओढायला लावलंस. "दुसऱ्याच्या दारान उभा राहून सासऱ्याला हाक मारतस काय रं? वलखीबिगर खाडी काय देनार हाय तुला?" काका हसता हसता होडीतून पडायच्या बेतात.

मुलगा तुर्भ्याला कारखान्यात जातो, त्याला खाडी पुलावरूनच माहीत. माझ्यानंतर ही नावं कोण सांगणार, या काळजीनं मी नातीला म्हटलं, खाडीचा नकाशा काढ. रविवारी बसलो. मी सांगतोय, ती लिहितेय. तिवरांजवळ तिचं पेन थांबलं. "इथं?"

तिथं तुझी होडी उलटली. माणूस बुडाला त्या जागेचं नाव आपल्यात कुणी घेत नाही. आईनं मरेपर्यंत घेतलं नाही, मीही नाही. ते न घेणं मी इतकं जपलं की नावच निघून गेलं. अंघोळ करताना, जेटीवर उभं राहून, किती डोकं खाजवलं. येत नाही.

"इथं माझा बाप गेला," एवढंच मी म्हणालो.

"मग त्यांचं नाव लिहू?"

मी मान डोलावली, तिनं लिहिलं. तू असतास तर ओरडला असतास. खाडीची जागा कुणा माणसाची नसते, तूच म्हणायचास. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं तेही मला ठाऊक नाही. पण बाबा, खरं सांगू? तिथं तुझं नाव पाहिलं आणि मला बरं वाटलं.