कुकरच्या तीन शिट्ट्या

फरीदाबाद, शनिवार, २० मार्च

ऑनलाइन शाळेला वर्ष होत आलं, आणि माझा संशय काही जात नाही. कारखान्यात लेथ मशीन बिघडणार हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, मग हे कळणार नाही? सकाळी सईच्या गणिताच्या मॅम अपूर्णांक शिकवत होत्या, मागे त्यांच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. संध्याकाळी परत तेच वाक्य, त्याच तीन शिट्ट्या! शाळा जुनं रेकॉर्डिंग लावून मोकळी होते की काय?

दार ढकलून विचारलं, "सई, मॅमचा भात दिवसभर शिजतो का गं?"

"बाबा, तू पण ना यार! रेकॉर्डिंग मीच लावते. क्लासमध्ये समजत नाही."

"मग तेव्हाच विचारायचं."

"दिवाळीआधी विचारलं होतं. सगळे हसले. चॅटवर अजून चिडवतात."

म्हणजे इतके महिने पोर गप्प, आणि मी भिंतीपलीकडून तिचं "यस मॅम" ऐकून खूश. शिट्ट्या बऱ्या ऐकू आल्या मला! अजून काय काय लपवलंय तिने?

सोमवारी गणिताला तिच्या शेजारी बसणार. अपूर्णांक मला स्पॅनरच्या मापापुरतेच येतात, अर्धा इंच, पाऊण इंच. अडलं की मीच आधी विचारीन. हसू देत माझ्यावर.