नाकाबंदी की अडथळे

३ नोव्हें., रेगेन्सबर्ग, जर्मनी
पेपर पुन्हा अडकला. मी लिहिलं होतं, ‘नेपाळ हळूहळू चीनकडे कलतो आहे.’ बिमलाने वाक्यच उडवलं. ती काठमांडूची, माझ्याच विभागात पीएच.डी. करते, पेपर दोघींचा. म्हणे, “दिल्लीवाले म्हणतात चीनकडे कललो, बीजिंगवाले म्हणतात भारताकडे. आम्ही आमच्या जागी उभे आहोत, असं कुणीच का लिहीत नाही?” बरं, मग लिहू काय? ते नाही सांगत.

५ नोव्हें.
आज २०१५ वरून वाजलं. तेव्हा सीमेवर ट्रक अडकले, नेपाळात गॅस-पेट्रोल मिळेना. तिने लिहिलंय ‘भारताची नाकाबंदी’. मी ‘सीमेवरील अडथळे’ केलं. भारताने नाकाबंदी कधी मान्य केलेली नाही, मी काय करू?
“माझी आई गच्चीवर लाकडं पेटवून भात शिजवायची. तिला कळवते, अडथळे होते म्हणून.” लॅपटॉप मिटून गेली.
मी हिंदीत समजूत घालायला गेले. तिला हिंदी छान येते. उत्तर इंग्रजीत.

८ नोव्हें.
आमच्या गाईड प्रोफेसरबाई: “तर मग, दोघींनी मिळून एक शब्द ठरवा. शुक्रवारी पाठवायचंय.” मोठी मदत केली.
पुण्याला घरी फोन, या शब्दाचं भांडण सांगितलं. बाबा म्हणाले, “परत येऊन इथेच नोकरी शोधणार ना तू? कशाला असलं लिहितेस? आणि आपण त्यांना किती मदत करतो!”
“आपण म्हणजे कोण, बाबा? तुम्ही काय पाठवलंत?”
चिडले. ठेवला फोन. पण सेमिनारमध्ये मीही ‘आपण’च म्हणते. कुणी विचारत नाही, कोण ते.

११ नोव्हें.
मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये, बिमलाशेजारी जाऊन बसले. सूप निवत होतं. म्हटलं, तुझाच शब्द ठेवू, तळटीपेत भारताचा नकार देऊ. मान हलवली फक्त. आनंद वगैरे काही नाही. मला वाटलं होतं, निदान हसेल.

१४ नोव्हें., शुक्रवार
सकाळी बिमलाची मेल. दिल्लीतल्या दोन अधिकाऱ्यांनी तिच्या पीएच.डी.साठी मुलाखत द्यायला होकार दिलाय. ‘अडथळे’च ठेवू या, म्हणते. आणि नेपाळने घेतलेल्या चिनी कर्जावरचा तुझा परिच्छेदही सौम्य कर, नंतर मुलाखतींसाठी बीजिंगलाही जायचंय.
डोकं फिरलं. इतके दिवस भांडलीस कशाला मग?
फोन केला. ती शांतच. “तू लिहून घरी जाशील, केतकी. मला दोन्हीकडे पुन्हा दार वाजवायचंय.”
दुपार झाली. प्रोफेसरबाईंच्या दोन मेल येऊन गेल्या. फाइलमध्ये अजून ‘नाकाबंदी’ आहे. मला तो शब्द आता काढवत नाहीये, आणि पेपर तर आजच पाठवायचाय.