पहिल्या वाक्यातलं नाव

१३ जाने., बुलडाणा
जानेफळच्या शाळेतल्या कार्यक्रमाची बातमी आली. पान चार, तळाला तीन कॉलम. एक शब्द कापलेला नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण साडेपाचला मजकूर द्यायचा म्हटलं की हात आपोआप चालतो. पहिल्याच वाक्यात तिथे गायलेल्या मुलीचं नाव, गाव, शाळा, इयत्ता. गावातल्या माणसाला आपलं नाव छापून आलेलं दिसलं पाहिजे, हेच चौतीस वर्षं नव्या पोरांना शिकवलं.

सकाळपासून फोन. अरुणाताई (आमची पेटी) खूश, तरी टोमणा सोडला नाही. "तुमच्या व्हायोलिनपेक्षा तुमची बातमी सुरात असते." गजू (तबला, नोकरी एस.टी.त कंडक्टरची) म्हणाला, कात्रण डेपोच्या ग्रुपवर फिरतंय. तिघं मिळून खेड्यातल्या शाळांत, माईक न लावता, मुलांच्या मध्ये बसून वाजवत हिंडतोय त्याला चार वर्षं झाली. एवढं कौतुक प्रथमच.

एक फोन सोनाळ्याहून, अनोळखी माणसाचा; बातमीखाली माझा नंबर होता. बोलणं फार अदबीचं. "लय छान लिवलं साहेब. पोरगी खरंच येवढी चांगली गाते?" पुढचा कार्यक्रम कवा, विचारत होता. सांगितलं: २६ ला, तिथेच जानेफळच्या शाळेत, झेंडावंदनानंतर. म्हणाला, "येतो मी."
जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून एक श्रोता. बरं वाटलं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घ्यायला अ.ताईंकडे गेलो, तिथेच २६ चं ठरवलं. तंबोरा नको. षड्ज ती मुलगी धरेल आणि तिच्या सुरावर आम्ही वाजवू.
——— (नाव होतं, खोडलं. १५ ता.) सहावीत आहे. शनिवारी वर्गात सगळ्यांना "सा" लावायला सांगितला. बाकीची ओरडली. ही डोळे मिटून हलकेच गायली आणि जागची हलली नाही. कुठं शिकलीस? "मामाची गिरणी असंच वाजते." दुपारी अ.ताई खरोखरच पेटी घेऊन मामाच्या पिठाच्या गिरणीवर गेल्या. मोटर बरोबर काळी दोनवर. दाणे पडले की किंचित उतरते, तेवढंच.
गिरणीचं बातमीत घातलंच आहे. बातमी त्यावरच उभी होती.

१५ जाने.
सका. ११. गिरणीवाल्या मामाचा फोन. आवाज चढवला नाही. "साहेब, फोटो नोका काढू म्हटलं होतं ना तुमाले."
म्हटलं, नाही काढला.
"मंग नाव काऊन छापलं?"

मग सगळं सांगितलं. तो पोरीच्या आईचा मावसभाऊ. आई आणि पोरगी दिवाळीनंतर त्याच्याकडे आल्या, कोणाला न सांगता. नवरा सोनाळ्याचा. शेवटच्या वेळी बाईचा हात मोडला, पोरगी मध्ये पडली तर तिला आडावर नेऊन उभी केली, म्हणाला, आता बोल. बाईच्या सख्ख्या भावाच्या दारात नवरा दोनदा शोधून गेला. या मावसभावाला त्यानं कधी पाहिलेलंही नाही. इथवर पोचला नव्हता.

फोन ठेवला. मग वहीचं परवाचं पान काढलं. माझ्याच अक्षरात: "येतो मी."

फोटो नको म्हणाले तेव्हा वाटलं, गावाकडची माणसं, लाजतात. नाव मी शाळेच्या हजेरीपटावरून उतरवून घेतलं होतं. बापाच्या नावासकट. चुकू नये म्हणून गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं.
यापुढे या वहीतही नाव नाही.

१६ जाने., जानेफळ
गेलो. गिरणीच्या मागच्या खोलीत पोरीची आई डबे पुसत होती. उजवा हात कोपरापासून सरळ होत नाही. चूक झाली म्हटलं. तिनं डबा खाली ठेवला. विचारलं, "फोनवर आवाज कसा होता त्याचा?"
"अदबीचा."
"मंग तोच."

दुसरीकडे सोय करतो म्हटलं, अमरावतीला ओळख आहे. "किती गावं बदलू दादा? पोरगी आत्ता कुठं झोपेत दचकाची थांबली." तेवढ्यात पोरगी आतून: "मी गाणार हाय ना?" शेवटी आईच म्हणाली, "गाणार. घरी ठेवून काय करू? गिरणीचा पत्ता तं तुमी छापलाच. शाळंत दोनशे मानसं तरी राहतीन."

टोमणा नव्हता. हिशेबानं बोलली. म्हणून जास्त लागलं.

१७ जाने.
पोलीस ठाण्यात अर्ज दिला. साहेबांनी नीट ऐकलं. २६ ला शाळेत एक शिपाई देतो म्हणाले. आणि त्याआधी? "काही दिसलं की फोन करा." काही दिसलं की म्हणजे काय दिसलं की, ते विचारायला हवं होतं.

बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची, एवढं आयुष्यभर पुरलं. इथे दुरुस्ती करायची तर नाव पुन्हा छापावं लागेल.

कात्रण अजून फिरतंय. आज माझ्या साडूनं मलाच पाठवलं. वर लिहिलंय, "अभिमान."

१९ जाने.
तालीम. व्हायोलिनचा गज थरथरत होता. लांब स्वर धरला की कळतं, लहान स्वरांत लपतं, म्हणून लहान लहान वाजवत राहिलो. अ.ताईंच्या लक्षात आलंच. "नुसते दाराकडं बघू नका. दार माझ्या घरचं आहे, तिथून फक्त दूधवाला येतो."

दु. ३. मामाचा फोन. गिरणीवर अनोळखी माणूस, मोटरसायकलवर, हातात दळणाचा डबा नाही, पिशवी नाही. पाऊण तास पोरगी पोत्यांच्या मागे. बियाण्याच्या कंपनीचा निघाला, बोर्ड लावायला जागा विचारत होता. मामा म्हणाला, "त्याले पानी बी नाही इचारलं मी. असं कवा केलं नोतं."
पोरगी पोत्यामागून बाहेर आली तेव्हा पहिलं काय बोलली, तर मोटर बंद का केली.

२१ जाने.
१३ तारखेचा नंबर फोनमध्ये होताच. सका. १० ला लावला. उचलला त्यानं.
म्हटलं, कार्यक्रमाची जागा बदलली. जानेफळला नाही, सुलतानपूरला. शाळेतच. वेळ तीच.
"पोरगी राहीन?"
"राहील."
"बरं झालं सांगतलं साहेब. फुकट चक्कर झाली असती." मग जरा थांबून, "तिची माय राहीन?"
माहीत नाही म्हटलं.
"काही हरकत नाही."

चौतीस वर्षांत खोटी बातमी दिली नव्हती. आज दिली, आणि आवाज जराही हलला नाही. गज हलतो, आवाज हलत नाही.

सुलतानपूरचे मुख्याध्यापक जुन्या ओळखीचे. त्यांना सगळं सांगितलं. झेंडावंदन झालं की मुलांना लगेच घरी पाठवतील. मी तिथे थांबणार, अ.ताई आणि गजू जानेफळला. ठाण्यातही कळवलं. "विचारून करायचं होतं," साहेब म्हणाले. शिपाई एकच आहे. म्हटलं, जानेफळलाच द्या.

२३ जाने.
पोरीशी फोनवर. सराव म्हणून "सा" लावून दाखवला. मागे गिरणी चालू होती. कुठला सूर तिचा आणि कुठला मोटरचा, कळेना. मी येणार नाही हे सांगितलं नाही. अ.ताई सांगतील.

२५ जाने.
शेवटची तालीम. माझी जागा रिकामी धरून दोघंच वाजवत होते, मी ऐकत होतो. मध्येच गजूनं तबल्यावरचा हात काढला.
"साहेब, तो येईन कसा?"
सोनाळ्याहून, म्हटलं. मोटरसायकलनं नाही तर बसनं.
"तसं नाही. रस्ता कोनता?" वीस वर्षं तिकिटं फाडलेला माणूस, बोटांवर मोजायला लागला. "खामगाव. खामगावहून जानेफळ. जानेफळहून मेहकर. मंग सुलतानपूर." चौथ्या बोटावर थांबला. "तुमी तं त्याले जानेफळवरूनच बोलावलं."

अ.ताईंनी भाता बंद केला.

याच रस्त्यावरून शंभर वेळा गेलो असेन. खून, अपघात, गारपीट, सगळं याच रस्त्यावर लिहिलं. नकाशा डोळ्यांपुढे होता. फक्त त्याच्या बाजूनं पाहिला नाही.

नंबर लावला, कार्यक्रम रद्द म्हणून सांगायला. बंद. पाच वेळा लावला. बंद. ठाण्यात कळवलं.

पोरीच्या आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "आता अजून काही बदलू नोका दादा." अ.ताईंचं म्हणणं, खिडक्या लावून घेऊ, माईक नसतोच आपला, आवाज रस्त्यापर्यंत जात नाही. चार वर्षं आम्ही मागच्या रांगेतली तक्रार ऐकतोय की आवाज पोचत नाही.

२६ जाने., सुलतानपूर
७.५०. झेंडावंदन. मुलं टापटीप.
८.४५. खाऊ वाटला, मुलं गेली. सातवीच्या वर्गात सतरंजी टाकून बसलोय. मुख्याध्यापक बाहेर व्हरांड्यात, पेपर उलटा धरलाय की सुलटा कोण जाणे. विचारून गेले, "आला तं काय बोलान त्याच्याशी?" आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले.
९.१०. अ.ताईंचा फोन. सगळे बसले. शिपाई दाराशी. आई पोरीच्या पाठीला लागून. "तुम्ही कुठं, पोरगी विचारत होती. सुलतानपूरला वाजवताय म्हटलं." आता सगळ्यांचे फोन बंद करून पेटीच्या खोक्यात. आमचा नियम. माझाच नियम. कार्यक्रम एक तासाचा.
९.३५. मोटरसायकल. तलाठी निघाले, झेंडावंदनाला उशिरा आलेले. मुख्याध्यापक त्यांच्यावर उगाच खेकसले.
९.५०. व्हायोलिन काळी दोनवर लावलं. तिथे आता पोरीचा सूर चालू असेल.
१०.०५. दहा दिवस तो येऊ नये म्हणत होतो. आज पाहुण्याची बघावी तशी त्याची वाट बघतोय. इथे आला म्हणजे तिथून न थांबता पुढे आला. यावा. या दारात यावा, अदबीनं बोलावा, वाटेल ते विचारावं.
१०.२०. तास उलटला. अ.ताईंना फोन. बंद. गजू. बंद. गिरणीवर लावला, वाजून वाजून थांबला. सगळे शाळेत, कोण उचलणार.
१०.२५. पोरांना कार्यक्रम संपू नये वाटलं की गजू वाढवतो. वाढवला असेल.
१०.३०. मेहकरकडची बस आली. चार जण उतरले. तीन बाया, एक म्हातारा.
१०.४०. परत लावला. बंद.
मुख्याध्यापक म्हणतात, वाजवा काहीतरी, नुसतं बसवत नाही. लांब स्वर धरतो, त्याला दोन्ही हात लागतात म्हणून लिहिणं थांबवतो. रस्त्यावर कोणी नाही.