गंजीतली जीप

मिरजगावच्या अलीकडची वस्ती,
नाताळ तोंडावर आलेला.

ती. इमॅन्युएल दाजींच्या चरणी प्रभुदासाचा सलाम. अक्काला वेगळा सलाम आणि ज्या बाळाच्या बाप्तिस्म्याला मी तुमच्याकडे येऊन गेलो त्याला एक पापा. तुम्ही सर्व सुखरूप असावं अशी रोज देवाजवळ मागणी करतो. तुमच्या गुडघ्याचं कसं काय चाललंय ते अवश्य कळवावं, पण मोबाईलवर कळवू नये. कारण असं, की घरातला मोबाईल आता दीनाच्या बँकेतल्या खात्याला जोडलेला आहे, खातं आधारला जोडलेलं आहे आणि आधार थेट सरकारला. असल्या यंत्रावर मी तुमच्या त्या वस्तूचं नावसुद्धा काढणार नाही. मागच्या महिन्यात तुम्ही फोन करून "काय प्रभुदास, आपली जीप कशी आहे?" असं मोठ्यानं विचारलंत, तेव्हा "राँग नंबर" म्हणून ज्यानं फोन ठेवला तो मीच होतो. राग मानू नये. म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्राला अजून कुणी काही जोडलेलं नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, दीनाच्या खात्यावर सरकारकडून दर महिन्याला बहिणींचे पैसे येतात. (शेतकऱ्याचे म्हणून माझ्याही खात्यावर येतात, पण ते मला दिसायच्या आत खताच्या दुकानात पोचलेले असतात, त्यामुळे त्यांची माझी तशी ओळख नाही.) आधी कसं होतं, मीठमिरचीला, जास्मिनच्या कॉलेजच्या एसटीला, डोकं दुखलं तर गोळीला, दीना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची आणि मी "कशाला?" म्हणायचो. द्यायचे नसायचे असं नाही, पण कशाला म्हटल्याशिवाय मला बरं वाटत नसे. आता ती त्या चौकटीला टेकतच नाही. पहिल्या पैशांतून तिनं चष्मा केला. तेव्हा कळलं, की बाई इतकी वर्षं चर्चच्या गायनमंडळात पुस्तक हातात धरून सगळी गीतं पाठ म्हणत होती, तिला अक्षर दिसतच नव्हतं. चष्मा लावून तिनं आधी पुस्तक पाहिलं, मग मला पाहिलं आणि म्हणाली, "तुमी लई वाळलाय की वो." पुढं उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जाणं बंद केलं. संध्याकाळी ती आणि जास्मिन ओट्यावर बसून कशावर तरी हसतात. दाजी, खरं सांगतो, माझ्या घरात असं हसणं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकतोय, आणि मला ते फार आवडतं. जे आवडतं त्याचीच भीती वाटते, तसं माझं झालंय.

भीतीची सुरुवात शेजारच्या मच्छिंद्रानं केली. त्याच्या दारात पिकअप आहे, म्हणून त्याच्या बायकोचं नाव यादीतून उडालं. नाव उडाल्यापासून तो गावातल्या सगळ्या चाकांकडे बारीक नजरेनं बघत फिरतो. एक दिवस बांधावर उभा राहून त्यानं मला विचारलं, "प्रभुदास, ट्रॅक्टर चालतो म्हनं, पर चारचाकी चालत न्हाई. तुमची ती जीप कुनाच्या नावावर हाय?" मी म्हशीला हाक मारत गोठ्याकडे वळलो. आता ती कुणाच्या नावावर आहे हे मी तुम्हाला काय सांगावं. तुमच्या नावावर आधीच टेम्पो होता म्हणून "दोन महिने तुझ्या नावावर राहू दे" असं तुम्हीच म्हणाला होतात. पुढं ती दुरुस्तीला म्हणून आमच्या अंगणात आली आणि पाहुणी राहावी तशी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत, ड्रायव्हरच्या जागी शेळी बसे. पुढची दोन चाकं कधी गेली, कुणी नेली, देवाला ठाऊक. (दोन चाकं गेली म्हणजे ती दुचाकी धरतात का, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण विचारणार कुणाला?)

तेव्हा ईस्टरनंतर शेतातला कडबा आला तसा मी एक उपाय केला. आडव्या बांबूंचा सांगाडा करून जीपच्या चारी बाजूंनी आणि वरून मी कडब्याची गंजी रचली. अशी देखणी गंजी आमच्या शिवारात कुणी रचली नसेल. दीना कमरेवर हात ठेवून बघत होती, म्हणाली, "गंजी अंगनाच्या मधी कशाला?" मी म्हणालो, इथं हवा खेळती आहे. जन्मभर जनावरं पाळलेला माणूस मी, पण गंजी खायला असते हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन जर्सी आणि एक म्हैस यांना सरकारचं काय भय? त्या रोज खात गेल्या आणि रोज जीप थोडी थोडी बाहेर येत गेली. आधी टपाचा कोपरा, मग आरसा. मी गाईंचा चारा अर्ध्यावर आणला. गाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी गोठ्यात मान खाली घालून जायचो. एकदा सकाळच्या उन्हात पुढचा दिवा चमकला आणि मच्छिंद्रानं पलीकडून विचारलं, "गंजीत काय चकाकतंय?" मी म्हणालो, परात ठेवलीय. गंजीत परात का ठेवतात, हे त्यानं विचारलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही याचीही मला भीती वाटली.

अशात तुमच्याकडचा बाप्तिस्मा आला. म्हैस व्यायला झाली होती म्हणून दीना घरी राहिली आणि मी एकटाच कोपरगावला आलो. तुमच्या पंगतीत मी मटण दुसऱ्यांदा घेतलं नाही म्हणून अक्का रुसली, पण माझं सगळं लक्ष इकडं गंजीत होतं हे कुणाला सांगणार. परत येऊन पाहतो तो गंजी खचलेली. उंची कमी, घेरही कमी. दीना म्हणाली, "पाऊस झाला ना, बसली खाली." पाऊस आमच्या बांधावर झाल्याचं काही दिसलं नाही. शिवाय कोंबड्या तेव्हापासून गंजीत जात नाहीत, गोठ्यात अंडी घालतात. शेळीसुद्धा लांबूनच बघते. जनावराला आधी कळतं म्हणतात. आत नाग आला असावा असं माझं मत पडलं. दीनाही म्हणाली, "तुमी नका हात घालू तिकडं, पेंढ्या मीच काढीन." तेव्हापासून मी खाट टाकून लांबून राखण करतो. त्याच आठवड्यात घरात साडीला पिको करायचं नवं मशीन आलं. दीना म्हणाली, साठवले होते. मला हिशेब येतो, पण विचारायचं धाडस होत नाही. (हल्ली कागदही फार झालेत. दीना पुढं करते, "हितं सही करा" म्हणते, मी डोळे मिटून करतो. वाचलं की धडधड वाढते.)

आता मुख्य प्रसंग. परवा अंगणवाडीच्या रेश्माताई तपासणीला आल्या. नेमक्या गंजीच्या सावलीत खुर्ची टाकून बसल्या. मी गंजीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभा राहिलो. रेश्माताई म्हणाल्या, "दादा, बसा की. ताप आलाय का?" मग त्यांनी दीनाला विचारलं, "घरात चारचाकी हाय का?" दीना म्हणाली, "न्हाई." रेश्माताईंनी वहीचं पान उलटलं. म्हणाल्या, "एक जीप हुती ना तुमची?" दीना त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "हुती. आता न्हाई." पापणीसुद्धा हलली नाही. रेश्माताईंनी वहीत खूण केली, चहा घेतला, गेल्या. मी मात्र जेवणवेळ होईपर्यंत गंजीला पाठ लावून तसाच उभा होतो.

दाजी, दीना खोटं बोलत नाही. एकदा दुकानदारानं चुकून जास्त परत दिले तर उन्हात मिरजगावला चालत जाऊन देऊन आलेली बाई आहे ती. आणि दुसऱ्याच दिवशी रविवार. दीना गायनमंडळात उभी राहून चष्मा लावून गात होती, आणि पाळकसाहेबांनी उपदेशाला नेमका तोच शास्त्रभाग घेतला, जमीन विकून आलेल्या पैशाबद्दल खोटं बोललेल्या नवराबायकोचा. दोघंही जागच्या जागी मरतात. आणि दाजी, आधी नवरा मरतो. मी उपासना संपेपर्यंत चर्चच्या पत्र्याकडे बघत होतो.

घरी आल्यावरही ती हसतखेळत भाकरी थापत होती. मला पैसे बंद होण्याची भीती आहेच. बंद झाले तर ती पुन्हा चौकटीला टेकून उभी राहील आणि मी पुन्हा "कशाला?" म्हणेन, हे मला नको आहे. पण त्याहून मोठी भीती अशी, की माझ्यापायी तिच्या तोंडून खोटं निघालं. जीप माझ्या नावावर, गंजी माझ्या हातची, आणि पाप तिच्या माथी. ती झोपली की तिच्या उशाशी बसून तिथं ठेवलेला चष्मा बघत राहतो. मुलीला यातलं काही माहीत नाही. बाकी सर्व क्षेम आहे. थोरांना सलाम, लहानांना आशीर्वाद.

आपला भेदरलेला मेहुणा,
प्रभुदास

ता. क. तुमच्याकडे ऊसतोड सुरू झाली असेल. उसाच्या शेंड्याचे टेम्पोभर वाढे पाठवावेत. गाईंना घालता येतील आणि उरले तर गंजीवर रचता येतील.

ता. क. २. खरं म्हणजे वाढे नकोत. टेम्पो रिकामाच घेऊन या आणि तुमची जीप तुमच्या नावावर करून घेऊन जा. नाताळच्या सकाळी या, तेव्हा सगळी वस्ती उपासनेला असते, मच्छिंद्र सासुरवाडीला. नागाचं तुम्ही बघा. मी हे कधीच म्हणालो नसतो, पण दीनाचं खोटं खरं करायला दुसरा मार्ग मला दिसत नाही.

ता. क. ३. दीना बँकेच्या कामाला मिरजगावला निघालीय, तिच्याच हाती पत्र देतो. पाकीट भाताच्या शितांनी घट्ट चिकटवलंय. तसंही ती दुसऱ्याचं पत्र वाचत नाही.

दाजी, मी दीना. शितं ओली होती, पाकीट पिशवीतच उघडलं. आधी असतं तर मला दिसलं नसतं, आता चष्मा आहे. मी खोटं बोलले नाही. हे तुमच्याकडे बाप्तिस्म्याला आले तेव्हा मिरजगावच्या भंगारवाल्या गनीभाईंनी जीप नेली. त्यांच्या मुलानं, आवेजनं, जीपचे कागदही रद्द करून आणले, सही यांचीच आहे. आधी विचारलं असतं तर तुमच्या भीतीनं यांनी अंथरूण धरलं असतं. वस्तीवरच्या छबूबाई आणि मी गंजी पुन्हा रचली, आत नुसता कडबा आहे. पिकोचं मशीन त्या जीपचंच. जीप तुमची होती, म्हणजे मदत तुमची, ती मला थेट मिळाली. जास्मिन पिको शिकते आहे.

यांना सांगणारच होते. पण गंजीची राखण सुरू झाल्यापासून हे चौकात पत्ते कुटायला जात नाहीत, गोठा झाडतात, म्हशीचं पाणी भरतात, आणि रोज ताटावर बसण्याआधी विचारतात, "तू जेवलीस का?" इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. मला ते ऐकायची सवय होऊ लागली आहे. पण माझ्या उशाशी बसून हे चष्म्याकडे बघतात हे मला माहीत नव्हतं, ते वाचून मात्र रडू आलं. नाताळच्या सकाळी शेवटची पेंढी यांच्याच हातानं काढायला लावीन, शेजारी उभी राहीन. तोवर फोन करू नका. केलात तर राँग नंबर म्हणून मीच ठेवीन. वाढे मात्र खरंच पाठवा, गाई अर्धपोटी आहेत.