गोदामाखालची धावपट्टी

१४ ऑक्टोबर, दुपारी दोन

सा. न. वि. वि.

सख्ख्या मेव्हण्याला असं परक्यासारखं कुणी लिहीत नाही, ठाऊक आहे. आशीर्वाद लिहायला घेतले, पण हात वळेना. बाकी तब्येत ठीक. गुडघा सोडून.

शनिवारी क्लबच्या कॉम्प्युटरवरच्या विमान-खेळात मी माझ्या नोकरीच्या जुन्या विमानतळावर उतरायला निघालो. शाळेपासूनची खोड, ओठांत 'यमाताराजभानसलगा' म्हणत खाली येत होतो. ढगांतून बाहेर पडलो तर धावपट्टीच नाही. पत्र्याची गोदामं! आणि तू हेडफोनवरून सगळ्यांना ऐकवलंस, "भाऊजी गोदामावर उतरले हो! हमाल बोलवा!" आठ म्हातारे खिदळले. तू सर्वांत मोठ्यानं.

तुझं ते स्ट्रीमिंग! उडता उडता खालची जमीन इंटरनेटवरून येणार, आणि ती आजची असणार. आज तिथं गोदामं, म्हणून पडद्यावरही गोदामं. नेट जरा अडखळलं की तुझे डोंगर मेणासारखे वितळतात, तरी मिजास केवढी! माझ्या कॉम्प्युटरात भरून ठेवलेल्या विमानतळाला तू "भाऊजींची अडगळ" म्हणायचास. त्या अडगळीतली अर्धी झाडं तूच लावलीस, विसरलास? टॉवर मी उभा केला. क्वार्टर्सची रांग, गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि माझा डबा ज्यातून आत यायचा ते कुंपणाचं भगदाड, हे कुणी केलं ते मी लिहीत नाही.

"मग स्वतःचंच का नाही लावलंत?" असं तू विचारलंस, तेव्हा मी हेडफोन काढून ठेवला.

कारण ते आता नाही. जूनमध्ये मीच पुसलं. डिस्क भरली होती. तुझे ढग, तुझी ती चमचमणारी नदी बघून मलाही भुरळ पडली. तुला भाडोत्री आभाळाचा भाट म्हणून झाल्यावर, चोरून मीही ते स्ट्रीमिंग घेतलं. वाटलं, सगळं जग येतंय तर आपला विमानतळ का नाही येणार? सत्तर वर्षांत इतका गाढवपणा केला नव्हता.

दुसरी प्रत तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. तो पुसून तू सोमवारी देऊन टाकणार, असं क्लबातला दंतवैद्य सांगत होता. खबरदार हात लावलास तर!

त्या हसण्याबद्दल मी तुला माफ करणार नाही. पण तीन आठवडे, चष्मा कपाळावर सरकवून, माउसशी भांडत एकेक घर मांडणारी बाई तुझीही कुणी होती. पुढच्याच महिन्यात तिनं अंथरूण धरलं. त्यानंतर तिनं काही केलं नाही.

रविवारी सकाळी दहाला रिकामी डिस्क घेऊन येतो. चहा नको, बोलणंही नको. प्रत दारातूनच दिलीस तरी चालेल. पण दे.

तुझ्या ताईचा नवरा